सम्राटांचा बल्लवाचार्य आणि सफरचंदाचे धिरडे

फ्रेंच पाकशास्त्राचा प्रमाणग्रंथ मानल्या जाणाऱ्या 'ल गिद क्युलिनॅर'मध्ये पाच हजारांहून अधिक पाककृती आहेत. त्यातील 'क्रेप नॉर्मांद', म्हणजे नॉर्मंडी पद्धतीचे सफरचंदाचे पातळ धिरडे, या पदार्थाच्या वाट्याला जेमतेम एक-दोन ओळी आल्या आहेत. आधी दिलेल्या नासपतीच्या धिरड्याप्रमाणेच सारे करावे, फक्त नासपतीऐवजी लोण्यावर परतलेले सफरचंदाचे पातळ काप घ्यावेत, एवढाच त्यांचा आशय. लोणी किती, आच कशी, काप किती वेळ परतायचे, धिरडे फाटले तर काय करायचे, यातले एक अक्षरही तेथे नाही. घरच्या ओट्याशी हे पुस्तक उघडून उभा राहिलेला माणूस पहिल्याच ओळीला अडखळावा, अशी ही मांडणी.

ग्रंथकर्ता मात्र आळशी नव्हता. ऑग्युस्त एस्कोफिए यांनी आयुष्याची साठहून अधिक वर्षे भटारखान्यात काढली. राजे, राजपुत्र, गायिका आणि धनाढ्य यांच्यासाठी त्यांनी जेवणावळी रचल्या, आजही जगभरातील मोठ्या हॉटेलांचे स्वयंपाकघर ज्या पद्धतीने चालते ती पद्धत घालून दिली. त्या दोन ओळींत जे लिहिलेले नाही, ते सारे त्यांच्या हाताखालच्या स्वयंपाक्यांच्या बोटांत मुरलेले होते. घरच्या स्वयंपाकासाठी सविस्तर लिहायला मात्र हा माणूस वयाच्या अठ्ठ्याऐंशीच्या घरात पोहोचल्यावर मोकळा झाला. या उशिराला कारण होते त्यांचे स्वतःचे घर. ते घर आयुष्याचा मोठा काळ त्यांच्यापासून शेकडो मैल दूर राहिले.

एस्कोफिए यांचा जन्म 28 ऑक्टोबर 1846 रोजी दक्षिण फ्रान्समधील व्हिलनव्ह-लुबे या छोट्या गावात झाला. वडील लोहार होते. ऑग्युस्तला शिल्पकार व्हायचे होते. पण लोहाराच्या घरात मुलाने मातीचे पुतळे करत बसावे, हे परवडणारे नव्हते. तेराव्या वर्षी त्याची रवानगी नीस येथे काकांच्या रेस्टॉरंटमध्ये उमेदवारीसाठी झाली. नात्यातला मुलगा म्हणून तेथे कोणतीही सवलत नव्हती. उलट चार फटके अधिकच वाट्याला येत. शिवाय मुलगा चणीने लहान. कोळशाच्या भट्टीची दारे उघडली की धग थेट चेहऱ्यावर यायची. पुढे एस्कोफिए उंच टाचांचे बूट घालून भट्टीपाशी उभे राहू लागले आणि ही सवय त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. शिल्पकलेची हौसही कधी पुरती विझली नाही. 1880 च्या दशकात त्यांनी मेणाची फुले घडविण्याच्या कलेवर एक पुस्तक लिहिले. बर्फाचे हंस आणि साखरेच्या पाकळ्या घडवितानाही तोच अपुरा राहिलेला शिल्पकार डोके वर काढत असे.

1865 मध्ये ते पॅरिसच्या 'ल पेती मुलँ रूज' या रेस्टॉरंटमध्ये दाखल झाले. त्या काळचा फ्रेंच भटारखाना म्हणजे एक प्रकारचे तळघरातील नरकच. धूर, कोंदट हवा, आरडाओरड, शिवीगाळ, आणि असह्य उष्म्यावर उतारा म्हणून दिवसभर पोटात रिचविली जाणारी दारू. स्वयंपाकी अकाली म्हातारे होत. हे चित्र तरुण एस्कोफिए यांच्या मनात खोल रुतले. पुढे अधिकार हाती येताच त्यांनी सर्वप्रथम याच गोष्टीला हात घातला.

त्याआधी मात्र युद्ध आले. 1870 मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात लढाई जुंपली आणि एस्कोफिए यांना ऱ्हाईनच्या सैन्यात स्वयंपाकी म्हणून पाचारण करण्यात आले. मेट्स शहराला वेढा पडणार, याचा अंदाज येताच त्यांनी कोंबड्या, बदके, डुकरे, ससे, शिवाय दुधासाठी एक बकरी असा जिवंत साठा गुपचूप जमवून ठेवला. वेढा लांबला तसा तो साठाही आटला आणि अखेर घोड्याच्या मांसाची पाळी आली. हे मांस आधी उकळत्या पाण्यातून काढून गार करावे, मग शिजवावे, म्हणजे त्याचा कडवटपणा जातो, हे त्यांनी तेथे ताडले. 27 ऑक्टोबर 1870 रोजी मेट्स शरण गेले. दुसऱ्या दिवशी एस्कोफिए यांना चोविसावे वर्ष संपून पंचविसावे लागले, तेव्हा ते युद्धकैदी होते. भुकेच्या या शाळेत ते दोन गोष्टी शिकले. हाताशी असलेल्या जिनसेतूनच चव काढायची, ही पहिली. अन्न टिकवायचे तंत्र ही चैनीची नव्हे तर जगण्या-मरण्याची गोष्ट आहे, ही दुसरी. टोमॅटो डबाबंद करण्याचा ध्यास त्यांनी पुढे कित्येक वर्षे घेतला, त्याचे मूळ या वेढ्यात आहे.

युद्धानंतर ते 'पेती मुलँ रूज'चे मुख्य आचारी झाले. काही काळ कान येथे स्वतःचे छोटे रेस्टॉरंटही त्यांनी चालविले. 1880 मध्ये डेल्फिन दाफी हिच्याशी त्यांचा विवाह झाला. ती एका प्रकाशकाची मुलगी, स्वतः कविता करणारी. सासऱ्यांशी बिलियर्डच्या डावात पैज जिंकून एस्कोफिए यांनी तिचा हात मिळविला, अशी आख्यायिका आहे. खरी-खोटी कोणी सांगावी! 1884 मध्ये हे दांपत्य माँटे कार्लोला आले. तेथील ग्रँड हॉटेलचे व्यवस्थापक होते सेझार रित्झ. स्विस शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला, पाहुण्याची आवड-निवड त्याच्या तोंडून निघण्याआधी ओळखणारा हा माणूस आणि भटारखान्याला शिस्त लावू पाहणारा हा आचारी यांची जोडी जमली. हॉटेल व्यवसायाच्या इतिहासात इतकी यशस्वी जोडी क्वचितच झाली असेल. हिवाळा माँटे कार्लोत, उन्हाळा स्वित्झर्लंडमधील ल्युसर्नच्या हॉटेलात, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

1890 मध्ये दोघेही लंडनच्या नव्याकोऱ्या सॅव्हॉय हॉटेलात आले. डेल्फिनला लंडन मानवले नाही. ती मुलांना घेऊन माँटे कार्लोतच राहिली. एस्कोफिए लंडनमध्ये राहिले ते थेट 1920 पर्यंत. म्हणजे जवळजवळ तीस वर्षांचा संसार हा बहुतांशी पत्रांचा आणि सुट्ट्यांचा. रोज शेकडो लोकांना जेवू घालणारा हा गृहस्थ स्वतःच्या घरच्या टेबलावर मात्र वर्षाकाठी मोजकेच दिवस दिसत असे.

सॅव्हॉयच्या भटारखान्यात त्यांनी जी उलथापालथ केली ती ग्राहकांना कधी दिसली नाही. तोवर एकेक विभाग आपापला पदार्थ पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच करीत असे. त्यात एकच काम चार ठिकाणी होई आणि पाहुणा ताटकळत बसे. एस्कोफिए यांनी लष्करातील तुकड्यांप्रमाणे कामाची वाटणी केली. सॉसचा एक प्रमुख, भाजण्याचा दुसरा, भाज्या-अंड्यांचा तिसरा, थंड पदार्थांचा चौथा, पेस्ट्रीचा पाचवा. 'मायरबीअर' नावाच्या अंड्याच्या पदार्थाचे उदाहरण यासाठी नेहमी दिले जाते. एकट्या स्वयंपाक्याला तो करायला पंधरा मिनिटे लागत. आता एकजण अंडी शिजवी, त्याच वेळी दुसरा मूत्रपिंड भाजे, तिसरा ट्रफलचा सॉस सिद्ध करी आणि काही मिनिटांत बशी बाहेर पडे. आज मुंबई-पुण्यातील पंचतारांकित हॉटेलात उमेदवारी करणारी मुले 'कॉमी', 'शेफ द पार्टी' ही पदनामे सर्रास वापरतात. ती याच व्यवस्थेतून आलेली आहेत.

भटारखान्यात दारूला बंदी झाली. तिच्याऐवजी उष्म्यावर उतारा म्हणून सातूचे थंड पेय हंडा भरून ठेवले जाऊ लागले. ओरडणे, शिव्या देणे, हात उगारणे बंद. राग अनावर झाला की एस्कोफिए स्वतः बाहेर निघून जात, आणि शांत झाले की परत येत. स्वयंपाक्यांनी बाहेर पडताना नीटनेटके कपडे घालावेत, शक्य तेवढे शिक्षण घ्यावे, असा त्यांचा आग्रह असे. लोहाराच्या पोराने आपल्या साऱ्या जमातीला प्रतिष्ठा मिळवून देण्याचा जणू विडाच उचलला होता.

पाकशैलीतही त्यांनी असाच झाडू फिरविला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आंतोनँ कारेम या थोर आचाऱ्याने पदार्थांचे मनोरे, मंदिरे, कारंजी उभारण्याची प्रथा रूढ केली होती. डोळे दिपत, पण अन्न गार होई. एस्कोफिए यांनी खाता न येणारी सजावट काढून टाकली, सॉस हलके केले, एकामागून एक गरम पदार्थ वाढण्याची पद्धत पक्की केली. 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियन गायिका नेली मेल्बा हिच्या सन्मानार्थ त्यांनी बर्फातून कोरलेल्या हंसाच्या पंखांमध्ये व्हॅनिला आइस्क्रीमवर पीच ठेवून वाढले. हंस होता तो तिने गायिलेल्या 'लोहेन्ग्रिन' या ऑपेरातला. पुढे हंस वितळला, म्हणजे वगळला गेला, आणि त्याच्या जागी रासबेरीचा रस आला. पीच, आइस्क्रीम, रासबेरी. 'पीच मेल्बा' जगभर पोहोचली ती या तीन जिनसांच्या बळावर.

नावे ठेवण्यात मात्र त्यांनी काटकसर केली नाही. बेडकाच्या तंगड्या म्हटले की इंग्रज नाक मुरडतात, हे ठाऊक असल्याने त्यांनी प्रिन्स ऑफ वेल्सच्या मेजवानीत त्या पहाटेच्या अप्सरांच्या मांड्या या नावाने वाढल्या. सर्वांनी आवडीने खाल्ल्या. काय खाल्ले ते नंतर कळले! याच सॅव्हॉयमधून उरलेले चांगले अन्न वृद्ध निराधारांची सेवा करणाऱ्या जोगिणींकडे धाडले जाई. श्रीमंतांच्या टेबलावर लाव्हे पक्ष्यांच्या छातीचे तुकडे जात, आणि त्यांच्या तंगड्या भातात शिजवून या म्हाताऱ्यांच्या ताटात. अन्न वाया न घालविण्याचे मेट्सचे धडे लंडनच्या वैभवातही विसरले गेले नव्हते.

या उजळ चरित्रावर एक डाग आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. 8 मार्च 1898 रोजी सॅव्हॉयच्या संचालकांनी रित्झ आणि एस्कोफिए यांना तडकाफडकी कामावरून काढून टाकले. त्यांच्याशी निष्ठावंत स्वयंपाक्यांनी एवढा गोंधळ घातला की पोलिसांना बोलवावे लागले. चौकशीत तीन हजार चारशे पौंडांहून अधिक किमतीची दारू हिशेबाबाहेर गेल्याचे आढळले. एस्कोफिए हे माल पुरविणाऱ्या व्यापाऱ्यांकडून दलाली घेत असल्याचेही उघड झाले. जानेवारी 1900 मध्ये त्यांनी कबुलीजबाबावर सही केली. आठ हजार पौंडांची भरपाई देण्याचे मान्य केले, पण त्यांच्यापाशी तेवढे पैसेच नव्हते. अखेर पाचशे पौंडांवर तडजोड झाली. दोन्ही बाजूंनी हे प्रकरण दडपून ठेवले आणि ते जगासमोर आले ते 1980 च्या दशकात, एस्कोफिए यांच्या मृत्यूला अर्धशतक होत आल्यावर. व्यापाऱ्यांकडून नजराणे घेण्याची त्या काळी भटारखान्यांत सर्वत्र रीत होती, असा बचाव त्यांचे चाहते करतात. पण हाताखालच्यांना सचोटी शिकविणाऱ्या माणसाला ही रीत शोभणारी नव्हती, हेही तितकेच खरे.

बाहेरच्या जगात मात्र त्यांचा तारा चढतच राहिला. 1898 मध्येच पॅरिसचे रित्झ हॉटेल उघडले. पाठोपाठ लंडनचे कार्लटन सुरू झाले आणि एस्कोफिए यांनी तेथील भटारखाना हाती घेतला. 1902 मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाचा सोहळा राजाच्या आजारपणामुळे ऐनवेळी पुढे ढकलला गेला आणि सारी तयारी करून बसलेले रित्झ मानसिकदृष्ट्या कोलमडले. ते पुन्हा पूर्ववत झाले नाहीत. जोडीतला एकजण असा गळाला आणि दुसऱ्याने 1903 मध्ये, फिलेआस जिल्बेर, एमिल फेतू आदी सहकाऱ्यांच्या साह्याने, 'ल गिद क्युलिनॅर' प्रसिद्ध केला. 1921 च्या चौथ्या आवृत्तीपर्यंत ते त्यात सुधारणा करीत होते.

सफरचंदाचे ते धिरडे याच ग्रंथातले. खरे तर हॉटेलच्या मेजवानीत ते उपरेच. क्रेप हा वायव्य फ्रान्समधील घराघरांतला पदार्थ. ब्रिटनी आणि नॉर्मंडीत तो चुलीवरच्या सपाट लोखंडी तव्यावर होतो. 2 फेब्रुवारीला 'शांदलर'च्या सणाला फ्रेंच कुटुंबे हमखास क्रेप करतात. एका हातात नाणे धरून दुसऱ्या हाताने तव्यावरचे क्रेप हवेत उडवून उलटायचे, ते नीट पडले तर वर्ष सुबत्तेचे, अशी जुनी समजूत. नॉर्मंडीत सफरचंदाच्या बागा आणि गाईंची कुरणे शेजारी शेजारी. फळ आणि लोणी एकाच वाडीतले. तेव्हा ही दोन्ही एका तव्यावर यावीत, यात नवल ते काय! एस्कोफिए यांनी हा पदार्थ नटविला नाही. सोन्याच्या वर्खाच्या पंगतीत त्याला त्याच्या साध्या कपड्यांतच बसविले.

त्या दोन ओळींत गृहीत धरलेले सारे घरच्या मापाने मांडायचे झाले तर ते असे. सव्वाशे ग्रॅम मैदा चाळून घ्यावा. त्यात चिमूटभर मीठ आणि चमचाभर साखर घालून मध्ये खळगा करावा. दोन अंडी फोडून त्या खळग्यात घालावीत आणि मधून बाहेरच्या बाजूला फेटत न्यावे. पाव लिटर दूध एकदम ओतू नये. थोडे थोडे घालत गेल्यास गुठळ्या होत नाहीत. शेवटी चमचाभर वितळलेले लोणी. पीठ घावनाच्या पिठासारखे, पळीवरून सहज ओघळेल इतके सैल हवे. मग ते झाकून निदान अर्धा-पाऊण तास मुरू द्यावे. घाईच्या घरात नेमकी हीच पायरी गाळली जाते आणि धिरडे चिवट होते. फेटताना मैद्याला जी तार सुटते ती विसावल्यावर सैल पडते आणि पिठाचा कण दूध पिऊन फुगतो, हे त्यामागचे साधे कारण. हॉटेलात हा प्रश्नच येत नसे. तेथे डझनभर अंड्यांचे पीठ सकाळीच तयार होऊन बसलेले असे.

सफरचंद आंबटगोड आणि टणक हवे. फ्रान्समध्ये यासाठी 'रेनेत' जातीची सफरचंदे पसंत करतात. शिजली तरी ती विरघळत नाहीत. आपल्याकडच्या गोड, पिठूळ सफरचंदांना लिंबाचे चार थेंब दिले की काम भागते. साल आणि बिया काढून अगदी पातळ काप करावेत आणि लोण्यावर मध्यम आचेवर परतावेत. कापाला पाणी सुटते, ते आटेपर्यंत थांबायला हवे. नाहीतर तेच पाणी पुढे धिरड्याला फाडते. काप मऊ झाले, कडा सोनेरी दिसू लागल्या, पण आकार मोडला नाही, की उतरवावेत. नॉर्मंडीतल्या अनेक घरांत या टप्प्यावर 'काल्वादोस' या सफरचंदाच्या ब्रँडीचा एक चमचा पडतो. एस्कोफिए यांच्या त्या ओळींत ती नाही आणि तिच्यावाचून काही अडतही नाही.

आता खरे कसब. तवा चांगला तापवून त्यावर लोण्याचा हलका हात फिरवावा. लोणी फसफसून शांत झाले, पण करपले नाही, हीच पीठ घालण्याची वेळ. पळीभर पीठ ओतून तवा गोल फिरवावा म्हणजे पातळ थर पसरतो. तो ओला असतानाच त्यावर सफरचंदाचे काप विखरून टाकावेत आणि वरून थोडे पीठ ओतून त्यांना पांघरूण घालावे. फळ दोन पदरांच्या मध्ये अडकते आणि उलटताना सांडत नाही. 'नासपतीप्रमाणेच करावे' या तीन-चार शब्दांत दडलेली युक्ती हीच. खालची बाजू सोनेरी होऊन धिरडे तव्यावर सुटे हलू लागले की उलटावे. हवेत उडविण्याचा हट्ट नसला तर उलथणे आहेच. वरून साखर भुरभुरून लगेच वाढावे. पहिले धिरडे बहुधा बिघडते. आपल्या घावनांचे तेच, फ्रेंचांच्या क्रेपचेही तेच. ते करणाऱ्याने स्वतःच खाऊन टाकावे!

कार्लटनच्या दिवसांत एस्कोफिए यांचे लक्ष बशीच्या पलीकडेही गेले. 1910 मध्ये त्यांनी दारिद्र्य निर्मूलनासाठी परस्पर साह्याची एक योजना मांडणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. आयुष्यभर राबून म्हातारपणी कफल्लक झालेले स्वयंपाकी त्यांनी जवळून पाहिले होते. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते अडुसष्टीकडे झुकले होते. कार्लटनचे अनेक स्वयंपाकी आघाडीवर गेले. त्यांच्या कुटुंबीयांसाठी निधी उभारण्यात एस्कोफिए गुंतले. नोव्हेंबर 1914 मध्ये त्यांचा स्वतःचा मुलगा दानिएल रणांगणावर पडला. त्याच्या मागे राहिलेल्या मुलांना वाढविण्याची जबाबदारी आजी-आजोबांवर आली. त्यांतली आजी माँटे कार्लोत होती, आजोबा लंडनमध्ये. हॉटेल चालूच राहिले. टंचाईच्या त्या काळात, मिळेल त्या जिनसांतून, रोजचे जेवण वेळेवर टेबलावर जात राहिले.

1919 मध्ये फ्रान्स सरकारने त्यांना 'लिजन ऑफ ऑनर' देऊन गौरविले. आचाऱ्याला असा मान मिळणे ही तोवर अपूर्वाईची गोष्ट होती. पुढच्याच वर्षी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी कार्लटनचा निरोप घेतला आणि ते माँटे कार्लोला, डेल्फिनकडे, परतले. गाठीला फारसा पैसा नव्हता. कीर्ती मात्र एवढी, की निवृत्ती नावापुरतीच उरली. बोलावणी, समारंभ, सल्लामसलत सुरूच राहिली.

त्यांच्या लेखणीचा रोख मात्र या वर्षांत बदलला. 1927 मध्ये त्यांनी तांदळावर एक छोटी पुस्तिका काढली, 1929 मध्ये खारवलेल्या कॉड माशावर. दोन्ही सर्वसामान्यांना परवडणारी अन्ने. ट्रफल आणि लाव्हे यांच्या दुनियेत हयात घालविलेला माणूस भात आणि सुके मासे यांवर लिहीत होता. आणि 1934 मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, 'मा क्युझिन' आले. नावाचा अर्थच माझा स्वयंपाक. सुमारे अडीच हजार पाककृतींचा हा ग्रंथ हॉटेलातल्या स्वयंपाक्यांसाठी नव्हता, घरच्या स्वयंपाकघरासाठी होता. 'गिद'मध्ये जेथे नुसता इशारा होता तेथे आता समजावून सांगणे आले. ट्रफल पूर्ण हद्दपार झाले नाहीत, जुनी सवय! पण भाज्या, अंडी, सूप, रोजचे मांस, फळांचे गोड पदार्थ यांना त्यात मानाचे स्थान मिळाले. तुकडीतल्या वीस हातांऐवजी एकट्या गृहिणीचे दोन हात डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले हे त्यांचे पुस्तक. त्या वेळी ते स्वतः अखेर एका घरात राहत होते, ही बाब कदाचित योगायोगाची नसावी.

घरातले हे सहजीवन चौदा-पंधरा वर्षांचे ठरले. 1935 च्या फेब्रुवारीत, शांदलरचा सण होऊन चार दिवस झाले असताना, 6 तारखेला डेल्फिनचे निधन झाले. एस्कोफिए तिच्यामागे सहाच दिवस राहिले. 12 फेब्रुवारी 1935 रोजी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, माँटे कार्लोतच त्यांनी प्राण सोडला. व्हिलनव्ह-लुबे येथे कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. लंडनचे कार्लटन दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यात मोडकळीस आले आणि 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात जमीनदोस्त झाले. गावातले लोहाराचे घर मात्र टिकले. 1966 पासून तेथे पाककलेचे संग्रहालय आहे.